दुखतात ते प्रवासाचे सांधे

'विमानामुळे जग जवळ आलं' हे वाक्य मी आयुष्यात निदान दोन-तीन हजार वह्यांमध्ये तपासलं असेल. 'विज्ञान : शाप की वरदान' ह्या निबंधात ते हमखास यायचं, बहुतेक दुसऱ्या परिच्छेदात. मुलांनी लिहिलं तर ठीक. त्यांनी विमान फक्त आभाळात पाहिलेलं असायचं. पण हल्ली हेच वाक्य मोठी, शिकलेली, जग फिरलेली माणसं आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना ऐकवतात. "त्यात काय एवढं? रात्री बसलं की सकाळी उतरलं!" जसं काही आमचं घर विमानतळाच्या भिंतीला लागूनच आहे.

आमचं घर मिरजेत आहे. लेक जर्मनीत, स्टुटगार्टला. ही दोन टोकं जोडणारा प्रवास मी आणि हे आजवर चार वेळा करून आलो आहोत. त्यामुळे ह्या विषयावर भांडायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी समजते. आणि आज मला भांडायचंच आहे.

माझं म्हणणं अगदी थोडक्यात असं : लांबच्या प्रवासात माणूस आगगाडीत दमत नाही, विमानातही फारसा दमत नाही. तो दमतो आगगाडी आणि विमान ह्यांच्या मधल्या सांध्यात. आमचे गुडघे दुखतात ते सगळ्यांना दिसतं. प्रवासाचे सांधे निखळलेले आहेत ते मात्र कोणाला दिसत नाही, कारण त्यांचा मालकच कोणी नाही.

मी भाषेची शिक्षिका. पण लहान शाळेत सगळंच शिकवावं लागतं, त्यामुळे पाचवी-सहावीला काळ-काम-वेगाची गणितंही घेतली. तर हे एक गणित सोडवून बघा.

सकाळी आठला घरातून निघायचं. नऊच्या सुमाराला मिरजेहून मुंबईकडे जाणारी कोयना एक्सप्रेस. रात्री आठच्या आसपास दादर. विमान पहाटे पावणेतीनचं. साडेनऊ तासांनी ते फ्रँकफुर्टला उतरतं. तेव्हा आपल्याकडे दुपारचे सव्वाबारा आणि तिथे, उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे, सकाळचे पावणेनऊ. पासपोर्टची रांग, सामान, मग साडेदहाची आगगाडी. सव्वा तासात स्टुटगार्ट. लेकीच्या दारात पोचेपर्यंत साडेबारा. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे चार वाजलेले असतात, आणि तेही दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचे.

एकूण झाले बत्तीस तास. त्यात मिरज ते दादर अकरा, विमानाचे साडेनऊ आणि जर्मन गाडीचा सव्वा. म्हणजे आपण खरोखर पुढे सरकत होतो ते पावणेबावीस तास. उरलेले सव्वादहा तास काय करत होतो? ह्या गणिताचं उत्तर मला कोणत्याच पुस्तकाच्या मागच्या पानावर सापडलेलं नाही.

आणखी एक बारीक नोंद घ्या. ह्या सव्वादहा तासांपैकी पावणेसात तास एकट्या मुंबईत गेले. दादर ते विमानतळ हे अंतर केवढं? बारा-पंधरा किलोमीटर. साडेसहा हजार किलोमीटर उडायला साडेनऊ तास आणि ह्या एवढ्याशा टप्प्यापायी पावणेसात तास! विमान कंपनी म्हणते तीन तास आधी या, कबूल. पण बाकीचे पावणेचार तास आम्ही भीतीपोटी हातात ठेवलेले असतात. गाडी लेट झाली तर? टॅक्सी मिळाली नाही तर? पाऊस असला आणि रस्ता तुंबला तर? जिथे व्यवस्थेवर भरवसा नसतो तिथे माणूस वेळ गहाण ठेवतो. आमची पिढी हे निमूटपणे करते, कारण आम्हाला सवय आहे. सवय आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आता त्या सांध्याकडे जरा जवळून पाहू.

दोन मोठ्या बॅगा, दोन लहान, एक पिशवी. (पिशवीत भडंग, मेतकूट आणि लेकीने नको नको म्हणूनही घेतलेलं लोणचं.) वय मिळून एकशे सत्तेचाळीस. गाडी थांबते, पायऱ्या उंच, फलाट खाली. हमाल मिळाला तर मिळाला. हमालांना २०१६ च्या रेल्वे अंदाजपत्रकात 'सहायक' असं नवं नाव मिळालं. नाव छान आहे. पण तो सहायक स्टेशनच्या दारापर्यंतच सहाय्य करणार. त्याच्यापुढे टॅक्सीवाल्याचं राज्य, विमानतळाच्या दारात ते संपलं की ट्रॉली आपली आपण शोधायची. एका माणसाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. शाळेत चिठ्ठी घेऊन ह्या वर्गातून त्या वर्गात पाठवलेल्या मुलासारखे आम्ही फिरत असतो. आणि प्रत्येक दारात नव्याने समजावून सांगायचं, की ह्यांचा डावा गुडघा वाकत नाही.

"मग आता मेट्रो झाली की!" असं कोणीतरी म्हणणार. झाली. आणि मी तिचं मनापासून स्वागत करते. पण तारखा बघा. मुंबईचं नवं दोन नंबरचं टर्मिनल फेब्रुवारी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो धावू लागली. तिच्या एका स्थानकाचं नाव 'एअरपोर्ट रोड'. नावात एअरपोर्ट आहे, पण उतरल्यावर रिक्षा करावी लागते! टर्मिनलच्या दाराशी जाणारी भुयारी मेट्रो आली ऑक्टोबर २०२४ मध्ये, ती दादरपर्यंत पोचली मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे देशातल्या सगळ्यांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एकाच्या दाराशी रूळ यायला, टर्मिनल उघडल्यापासून दहा वर्षांहून जास्त काळ लागला. एवढ्या वेळात पहिलीत घातलेलं पोर दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडतं.

आणि आता ती मेट्रो आली, तर लांबून आलेल्या प्रवाशाने तिच्यापर्यंत पोचायचं कसं? मध्य रेल्वेच्या फलाटावरून जिना चढा, पूल ओलांडा, पश्चिमेच्या गर्दीत उतरा आणि बॅगा ओढत रस्त्याने चाला. दादरची ती गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. शिवाय परदेशी जाणारी-येणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतरची, आणि मध्यरात्रीनंतर मेट्रो झोपलेली. जाताना एक वेळ जमेल. परत येताना रात्री एकला उतरलेल्या म्हाताऱ्याने काय करायचं?

बरं, जुन्या विमानतळाचं एक सोडून देऊ. तिथे जागा नव्हती, वस्ती होती, अडचणी होत्या. पण नवी मुंबईचा विमानतळ तर कोऱ्या पाटीवर काढायचा होता! त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, त्याच वर्षी २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. नवी मुंबईची बेलापूर–पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली, पण ती विमानतळापर्यंत जात नाही. दोन विमानतळ जोडणाऱ्या मेट्रोचा आराखडा आहे, असं वाचतो. आराखडा! धावपट्टी आधी, रूळ मागाहून. आधी लग्न आणि मग मांडव, असा हा प्रकार आहे. पनवेल जंक्शन तिथून जवळ, कर्जतहून पनवेलला रूळ आहेत. मिरज-कोल्हापूर-साताऱ्याकडची एखादी गाडी त्या बाजूने वळवून प्रवाशाला विमानतळाजवळ उतरवता येईल, हे सुचायला रेल्वेचा अभियंता व्हावं लागत नाही. नकाशा समोर ठेवला की भूगोलाच्या तासाला बसलेलं पोरही बोट ठेवून दाखवेल.

पुण्याचंही तेच. लोहगावचं नवं टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी मेट्रो रामवाडीपर्यंत आली. विमानतळ तिथून काही किलोमीटर पुढे. दोघांनी एकमेकांकडे पाहून हात हलवला, एवढंच.

आता फ्रँकफुर्टबद्दल. "आमच्या जर्मनीत" अशी सुरुवात करणाऱ्या माणसांचा मलाही कंटाळा येतो, त्यामुळे जर्मनीचे वाभाडे आधीच काढते. तिथल्या आगगाड्या घड्याळ लावावं इतक्या वेळेवर धावतात ही आता दंतकथा झाली आहे. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. इतके कमी गुण मिळवणाऱ्या पोराला मी पालकांना घेऊन यायला सांगितलं असतं. स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनाचं काम २०१० पासून चाललं आहे, आणि ते पुरं व्हायची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. त्या कामापायी वर्षानुवर्षं प्रवाशांना फलाटापर्यंत लांब वळसा घालून चालावं लागलं. आगगाडीत घोषणा जर्मनमध्ये, फलाट ऐन वेळी बदलतो, आणि कोणी आपणहून विचारत नाही की आजी, कुठे जायचंय.

हे सगळं खरं. आणि तरीही तिथला सांधा पक्का आहे. फ्रँकफुर्टच्या विमानतळाखाली १९७२ पासून रेल्वे स्टेशन आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी त्यांनी १९९९ मध्ये दुसरं, वेगळं स्टेशन बांधलं. त्याला म्हणतात 'फर्नबानहोफ', म्हणजे दूरच्या गाड्यांचं स्टेशन. सामान घेऊन बाहेर आलं की पाट्यांच्या मागे जायचं, पूल ओलांडायचा, लिफ्टने खाली उतरायचं की फलाट. ना रस्ता ओलांडायचा, ना टॅक्सीवाल्याशी घासाघीस, ना पाऊस. ह्यांचा गुडघा आणि मी, आम्ही तिघंही न भांडता तिथे पोचलो. अशी आणखीही जुनी उदाहरणं आहेत. ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाला रेल्वे १९७८ पासून आहे, झुरिकला १९८० पासून. लंडनजवळचं गॅटविक १९५८ मध्ये नव्याने सुरू झालं तेच मुळी रेल्वे स्टेशनाला चिकटून. म्हणजे मी शाळेत पाटी-पेन्सिल घेऊन जात होते तेव्हा लोकांना ही गोष्ट सुचली होती आणि त्यांनी ती करूनही दाखवली होती. हे काही चांद्रयान नव्हे.

पण खरी गंमत रुळांत नाही, तिकिटात आहे. तिथे काही गावांहून आगगाडीचं तिकीट विमानाच्या तिकिटातच निघतं. आगगाडीला चक्क विमानासारखा उड्डाण क्रमांक असतो. आणि असं एकत्र तिकीट असताना गाडी लेट होऊन विमान चुकलं, तर पुढच्या विमानात बसवून देणं ही कंपनीची जबाबदारी. मला ह्या सगळ्यात हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सांध्याला मालक मिळाला! आपल्याकडे कोयना तीन तास लेट झाली आणि विमान गेलं, तर रेल्वे म्हणणार विमान आमचं नाही, विमान कंपनी म्हणणार रेल्वे आमची नाही. दोघंही बरोबर. आणि साठवलेल्या निवृत्तिवेतनातून काढलेलं तिकीट गेलं ते आपलं.

असं काही आपल्याकडे होऊच शकत नाही, असं कृपा करून म्हणू नका. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याच रेल्वेने दोन जोडगाड्यांच्या तिकिटांचे पी.एन.आर. एकमेकांना जोडायची सोय केली आहे. पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. म्हणजे 'सांधा हीसुद्धा आमची जबाबदारी' हे तत्त्व रेल्वेने मान्य केलेलंच आहे. फक्त ते गाडी ते गाडी एवढ्यापुरतंच आहे. गाडी ते विमान एवढं एक पाऊल पुढे टाकायचं आहे. दिल्लीत विमानतळाची मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली आणि नवी दिल्ली स्टेशनापाशीच विमानाचं सामान देऊन मोकळं व्हायची सोयही तिथे काही विमान कंपन्यांसाठी झाली. तेव्हा बुद्धी नाही असं नाही. दोन खात्यांनी एका टेबलाशी बसायचं कोणी हा प्रश्न आहे. गंमत म्हणजे माधवराव शिंदे आणि सुरेश प्रभू हे दोघेही रेल्वेमंत्री होते आणि पुढे नागरी विमान वाहतुकीचेही मंत्री झाले. पण वेगवेगळ्या काळात! दोन्ही खुर्च्यांवर माणूस तोच बसला, तरी दोन टेबलं काही जवळ आली नाहीत.

आता व्हीलचेअर. ह्या विषयावर मला जरा जास्त राग आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

हल्ली विनोद चालतो की भारतातून निघणाऱ्या विमानात चाकाच्या खुर्च्यांची रांगच रांग असते, आणि पलीकडे उतरल्यावर हीच मंडळी टुणटुण चालत बाहेर पडतात. विमानात चमत्कार होतो म्हणे! असल्या चित्रफिती फोनवर फिरतात. आपलीच पोरं एकमेकांना पाठवतात आणि हसतात. ज्यांना वैद्यकीय गरज नाही त्यांच्याकडून पैसे घ्या, असंही आता बोललं जातं.

मी सांगते त्या खुर्चीत का बसतात ते. माझी एक मैत्रीण आहे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. रोज कृष्णेकाठी फिरायला जाते, तीन किलोमीटर. तिला चालता येतं. तिला इंग्रजी येत नाही. एकटी लेकाकडे जाते तेव्हा ती खुर्ची मागते. कारण खुर्चीबरोबर एक माणूस मिळतो. कुठल्या दारात जायचं, कुठली रांग, कोणता कागद दाखवायचा, घड्याळ-बांगड्या कधी काढायच्या, हे सगळं त्या माणसाला ठाऊक असतं. तिच्या लेखी ती खुर्ची म्हणजे दुभाषा आहे, वाटाड्या आहे. तिला पाय नको आहेत, तिला सोबत हवी आहे. आणि सोबत मागायला आपल्या व्यवस्थेत रकानाच नाही! रकाना आहे तो फक्त 'चालता येत नाही' एवढाच. मग ती त्यात खूण करते. ह्यात लबाडी कोणाची? रकाना करणाऱ्याची की खूण करणारीची?

आणि ज्यांना पाय खरोखर साथ देत नाहीत त्यांचं काय होतं? फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या विमानतळावर परदेशातून उतरलेल्या एका वृद्ध प्रवाशाचा, खुर्च्या पुरेशा नसताना चालत जाताना, मृत्यू झाला. त्यांना थांबायला सांगितलं होतं, असं विमान कंपनीचं म्हणणं होतं. सरकारी नियामकाने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. दंड झाला, बातमी झाली, आपण पान उलटलं. पण जरा विचार करा. रात्रभर बसून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला 'थांबा' म्हणणं ही काय व्यवस्था झाली? किती वेळ थांबा, कोणासाठी थांबा, आणि बाहेर गाडी चुकली तर? आम्हा दोघांनाही एका विमानतळावर खुर्चीवरून नेऊन एका कोपऱ्यात ठेवलं होतं, 'आलोच' म्हणून. पाऊण तास आम्ही तिथे हरवलेल्या सामानासारखे होतो. विमानतळाचं नाव सांगत नाही, कारण दोष एका विमानतळाचा नाही.

युरोपात ह्यासाठी कायदा आहे. २००६ सालचा, आणि २००८ पासून तो पूर्ण लागू आहे. अशी मदत करणं ही तिथे विमानतळ चालवणाऱ्यांची जबाबदारी, आणि तीही फुकट. रेल्वेसाठी वेगळा नियम आहे, आधी कळवलं तर फलाटावर माणूस येतो. पूर्वी ४८ तास आधी कळवावं लागायचं, २०२३ पासून २४ तास. तिथेही सगळं कागदावरच्यासारखं होतं असं नाही. पण कागद तरी आहे! कागद असला की भांडता येतं. आपण मात्र नशिबाशी भांडतो.

आता माझ्यावर येणारे आक्षेप. शिक्षकाने प्रश्न आधीच ओळखायचे असतात.

पहिला आक्षेप आमच्या भाच्याचा : "मावशी, सरळ गाडी कर. सांगलीहून थेट विमानतळ. कशाला हवी रेल्वे?" कर की! पण ती गाडी चालवणाऱ्या पोराचा विचार कोणी केला आहे का? तो दुपारी आम्हाला घेऊन निघणार, सात-आठ तास चालवणार, मध्यरात्री आम्हाला सोडणार आणि न झोपता त्याच रात्री परत फिरणार, कारण सकाळी त्याला दुसरं भाडं आहे. द्रुतगती मार्गावर पहाटे झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचल्या की मला त्या चालकांच्या आया आठवतात. आमचा आराम हा दुसऱ्याच्या झोपेतून काढलेला आहे. शिवाय प्रत्येक म्हाताऱ्यामागे एक गाडी, हा काही सार्वजनिक व्यवस्थेचा आदर्श होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा : "परदेशी जाणाऱ्यांचे हे लाड आहेत. गरिबाला काय त्याचं?" असं म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री बाराला आंतरराष्ट्रीय विमानतळाबाहेर उभं राहावं. तिथे लेकाकडे निघालेले निवृत्त मास्तर मूठभर असतात. बाकीचे कोण असतात? दुबई, कुवेत, मस्कतला मजुरीला निघालेली पोरं. रत्नागिरीहून, सिंधुदुर्गातून, बिहारमधून आलेली. दोरीने बांधलेलं खोकं, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं नाव, आणि सकाळपासून तिथेच बसून काढलेला दिवस. त्यांना ना टॅक्सी परवडते, ना हॉटेल. ते रेल्वेने येतात, कारण दुसरं काही शक्यच नसतं. हा निखळलेला सांधा त्यांच्या अंगावर माझ्याहून दसपट पडतो. फक्त त्यांना ब्लॉग लिहायला वेळ नाही. तेव्हा विमानतळाला रेल्वे हवी ही श्रीमंती मागणी नाही. मोटार असलेल्यांना रेल्वे नसली तरी चालते, एवढा साधा हिशेब आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. स्टेशन बांधायला खर्च येतो. येतोच. पण रस्ते, उड्डाणपूल, बहुमजली वाहनतळ हे काय फुकट उगवतात? खर्च होतोच आहे, तो कोणासाठी होतो एवढाच प्रश्न आहे.

चौथा आक्षेप कोणी तोंडावर बोलत नाही, पण डोळ्यांत दिसतो. "ह्या वयात कशाला जाता?" ह्याला माझं उत्तर शांत आहे. आमच्या पिढीने मुलांना शिकवलं, पंख फुटू दिले, जा म्हणून सांगितलं. सगळ्या गावाने त्यांचं कौतुक केलं, शाळेच्या फळ्यावर नावं लिहिली. ती गेली. आता नातीचा पहिला दात पडतो तेव्हा आजीने तिथे असावं असं वाटलं, तर ते वयाला न शोभणारं कसं? माझ्या ओळखीत अशी तीन घरं आहेत जिथे नवरा-बायकोकडे व्हिसा आहे, पैसे आहेत, लेकाचं बोलावणं आहे, आणि तरी ते गेलेले नाहीत. विमानाला भिऊन नाही. "दादरला उतरून पुढे कसं करायचं?" ह्या एका प्रश्नाला भिऊन. साडेसहा हजार किलोमीटरची भीती नाही, पंधरा किलोमीटरची आहे. मुलं फोनवर तोंड दाखवतात, नातवंडं हात हलवतात, आणि दोन्हीकडचे म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू." आमच्या वयात पुढचं वर्ष हा शब्द जपून वापरावा लागतो.

तेव्हा माझ्या मागण्या तीन. मी त्या आमच्या खासदारांना पोस्टकार्डावर लिहून पाठवल्या आहेत, कारण तीन मागण्या एका कार्डावर मावतात.

एक. रेल्वे किंवा मेट्रो दारापर्यंत आल्याशिवाय कोणत्याही नव्या विमानतळाचं उद्घाटन करू नये. नारळ दोन फोडा किंवा एकही फोडू नका.

दोन. आगगाडी आणि विमान ह्यांचं जोडतिकीट मिळावं, आणि एक चुकल्यामुळे दुसरं गेलं तर त्याला जबाबदार कोण हे तिकिटावरच छापलेलं असावं.

तीन. मदत एकदाच मागता यावी. घराजवळच्या स्टेशनवर मागितली की ती विमानातल्या खुर्चीपर्यंत पोचावी. आणि त्या अर्जात 'चालता येत नाही' ह्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा : 'चालता येतं, सोबत हवी.' ह्या एका रकान्याने खुर्च्यांची गर्दीही कमी होईल आणि चमत्कारांचे विनोदही बंद होतील.

मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत बंद केली, तेव्हा आम्ही पुष्कळ कुरकुरलो आणि मग गप्प बसलो. सवलत हा दयेचा विषय आहे, असं म्हणून आम्हाला गप्प करता आलं. सांधा हा दयेचा विषय नाही. तो बांधकामाचा आणि जबाबदारीचा विषय आहे, आणि त्यावर गप्प बसायचं काही कारण नाही.

माझ्या नात्यातल्या तरुण मंडळींना वेगळं सांगते. आईवडिलांचं तिकीट काढता तेव्हा भारतातल्या विमानतळापासून परदेशातल्या विमानतळापर्यंतचंच काढता. ते स्वस्तात कसं मिळालं हेही कौतुकाने सांगता. एकदा घराच्या उंबऱ्यापासून तुमच्या उंबऱ्यापर्यंत कागदावर तास मांडून बघा. पन्नास युरो वाचवायला पहाटे पावणेतीनचं विमान घेतलंत, तर त्याचे बाकीचे पैसे कोणाच्या गुडघ्यांनी भरले ते त्या कागदावर दिसेल.

आणि माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना एवढंच : पोस्टकार्ड अजून मिळतं. अक्षर थरथरत असलं तरी चालेल, पत्ता मात्र नीट लिहा.